वाळूच्या सुळक्याचा कान

गावात परतल्यापासून जो तो मला तेच विचारतो. तात्या, राजाचा वाडा बघितलात का, ते मोठं घड्याळ बघितलंत का. नाही बघितलं. पाच वेळा विलायतेला जाऊन आलो, पण लेस्टरला मुलाचं घर, घरामागची बाग आणि बेलग्रेव्ह रोडवरची आपल्या लोकांची दुकानं, यापलीकडं मी फार काही बघितलेलं नाही. या खेपेला मात्र एक सुळका बघितला. त्याचं लिहून ठेवतो. माझी शाळा चौथीपर्यंत, अक्षर वाकडं. ज्याला वाचायचं त्यानं डोळे बारीक करून वाचावं. चुका काढणाऱ्यानं वाचूच नये.

सुळक्याचं मला एवढं काय, ते जुन्या माणसांना माहीत आहे, नव्यांना सांगतो. आपल्या गावाच्या डोक्यावर म्हसोबाचा सुळका उभा आहे. त्याच्या पोटाला पूर्वी आग्या मोहोळं लागायची. माझा चुलता भिवा ती काढायचा. वाखाचा दोर कमरेला, तोंडाला फडकं, पायात काही नाही. चौदाव्या वर्षापासून त्याचा दोर मी धरला आणि सतराव्या वर्षापासून त्यानं माझा धरला. पुढं पुण्या-मुंबईची पोरं नायलॉनचे दोर आणि लोखंडी खिळे घेऊन यायला लागली. ज्या फुगवट्यावर त्यांच्या पुढाऱ्याचे दोन दिवस गेले, तिथं मी अनवाणी वर गेलो आणि त्यांचा दोर माथ्याला बांधून दिला. नंतर त्यांच्या मासिकात फोटो आला. त्यात मी कोपऱ्यात बसलेला. खाली छापलं होतं, सामान वाहणारा गावकरी. तो कागद मी चुलीत घातला.

पुढं मुलगा झाला, दत्ता, आणि त्याच्या आईनं मला शपथ घातली की ती आहे तोवर कड्याला हात लावायचा नाही. दुसऱ्याचा दोर धरायला तिची ना नव्हती. म्हणून दत्तानं मला कायम खालीच बघितलं. आता तो तिकडं इस्पितळात नर्स आहे, चांगलं नाव आहे त्याचं, पण कुणाला माझी ओळख करून देताना म्हणतो, ‘आबा ट्रेकर लोकांचं सामान न्यायचे.’ मी ऐकून घेतो. चुलीत घातलेला कागद असा पुन्हा पुन्हा बाहेर येतो.

लेस्टर

या खेपेला उतरल्या दिवशीच सांगून टाकलं, ही शेवटची. गुडघे कुरकुरतात. विमानात बसून पायाचे खांब होतात. आणि सकाळी आठला सगळी आपापल्या कामाला गेली की त्या घरात भिंतीशी काय बोलायचं.

दत्ता म्हणाला, ‘आबा, दर वर्षी असंच म्हणता.’

मी म्हणालो, ‘आजवर म्हणायचो. आज बोललो.’

आमच्या घरात हा फरक सगळ्यांना कळतो. सूनबाई सुषमानं आमटी वाढली.

राहिली नात, सई. बावीस वर्षांची, तिथंच जन्मलेली, कौन्सिलमध्ये कामाला. शनिवार-रविवार आला की दोर पाठीला मारून कुठल्या तरी दगडावर जाते. तिच्या खोलीत भिंतभर एक चित्र आहे. लाल वाळवंट आणि त्यात उभे सुळके, जणू कुणी गव्हाच्या खळ्यात मेढी रोवल्यात. मी बघत राहिलो तशी ती म्हणाली, ‘आजोबा, हे अमेरिकेत आहे. डेझर्टमधला नॅशनल पार्क. सँडस्टोन टॉवर्स. मला जायचंय तिकडं.’

‘वाळूचा दगड?’

‘हो. वाळू दाबून दाबून दगड झाली.’ मग तिनं सहज विचारलं, ‘आजोबा, तुम्ही पोर्टर होते ना?’

तिचा काही दोष नाही. बापाकडून ऐकलं तेच बोलली. पण मला ते लागलं.

‘पोर्टर नव्हतो.’

‘मग काय होते?’

‘दाखवीन,’ मी म्हणालो.

माझं वय त्र्याहत्तर. तोंडातून गेलं ते गेलं. जाण्याआधी एक सुळका, तिच्या दोराला, तिच्या डोळ्यांदेखत. मग खुशाल घरी जाऊन बसायचं. दत्तानं हे ऐकून जेवण सोडलं, दोन दिवस माझ्या गुडघ्यांवर भाषण केलं. सईनं मात्र सरळ कॅलेंडर बघितलं. तिच्या अमेरिकेत नाही, पण इथंही वाळूच्या दगडाचा सुळका आहे म्हणाली, पार वर, नॉर्थम्बरलँडच्या नॅशनल पार्कमध्ये. माझं विमान जूनच्या पहिल्या शनिवारी होतं, भाताच्या आवणीच्या आत पोचायचं म्हणून. त्याआधीच्या शुक्रवारपासून पाच दिवस तिनं सुट्टी टाकली.

पण आधी परीक्षा. लेस्टरला पत्र्याची एक मोठी शेड आहे, आत चढायला खोट्या भिंती आणि त्यावर हातापायांनी धरायला रंगीत मुटकुळी ठोकलेली. तिथं दोर धरायचा तर आधी तपासून घेतात. नाकात रिंग घातलेला एक पोरगा आला आणि दाखवा म्हणाला. मी दोर कमरेमागून वेढला, खाली बसलो, टाचा रोवल्या आणि त्याला म्हणालो, आता बैल टांग वर, पडायचा नाही. सईनं हे इंग्रजीत सांगितलं. पोरगा हसला, माझा हात दाबला आणि मला नापास केलं. दुसऱ्या आठवड्यात लोखंडी चिमट्यातून दोर कसा सोडायचा आणि कसा आवळायचा ते शिकून पास झालो. तो चिठोरा अजून माझ्या पाकिटात आहे. आयुष्यात पास झाल्याचा तो दुसरा कागद. पहिला चौथीचा.

शुक्रवार

रस्त्याचं काय सांगायचं, सगळे मोठे रस्ते सारखेच. सुषमानं बेलग्रेव्ह रोडवरून बाजरीचं पीठ आणून भाकऱ्या करून दिल्या होत्या, ठेचा दिला होता आणि मी मागून एक नारळ टाकला होता. न्यूकॅसलच्या वर गेलं की गाव संपतं आणि नुसती उघडी टेकाडं लागतात. झाड नाही. मेंढरं, दगडाची कुंपणं, आणि वारा. पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं रस्त्याच्या दोन्ही अंगाला पेटल्यासारखी. गाडीतून उतरलो तर ओल्या खोबऱ्याचा घमघमाट. मला वाटलं नारळ फुटला. पिशवी उघडून बघितली, नारळ धड होता. सई हसत सुटली. त्या फुलांनाच तसा वास येतो. आपल्याकडं करवंदीच्या जाळीला येतो तो वास मला आठवला, आणि दोन्ही वास डोक्यात एकत्र राहिले.

मुक्काम एका मेंढपाळाच्या कुरणात, तंबूत. मेंढपाळ म्हणजे फटफटीवरून मेंढरं हाकणारा, चांगला तांबडाबुंद गृहस्थ. त्यानं माझ्याकडं बघून सईला काही विचारलं. तिनं उत्तर दिलं. मला इंग्रजी येत नाही, पण शब्द पकडता येतात. ‘रोप्स’ आला, ‘कॅरी’ आला. म्हणजे इथंही मी सामानच वाहत होतो.

शनिवार

चालत तासाभराचं अंतर. वाट गुडघाभर काळपट झुडपांतून जाते. ऑगस्टात हे सगळं जांभळं होतं म्हणाली सई. आपली कारवी सात वर्षांनी फुलते, हे दर वर्षी. मी तिला कारवीचा मध सांगितला, घट्ट आणि गडद, आणि त्या एका वर्षासाठी भिवाकाका बाकीची सहा वर्षं कसा बोटं मोजायचा ते. तिनं थांबून ऐकलं. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मीच सांगितलं नव्हतं म्हणा.

टेकाडाला वळसा घातला आणि समोर सुळका. कड्यापासून सुटून एकटा उभा. आपल्या म्हसोबाच्या निम्माही नाही, पाच-सहा पुरुष उंच, म्हणजे तीस-पस्तीस फूट, पण उभा कसा, तर मान ताठ ठेवून. रंग करपलेल्या भाकरीचा, मधे मधे शेंदरी पट्टे. जवळ जाऊन हात लावला. खडीसाखर. बोटांना धरतो हा दगड, आपल्या कातळासारखा घासून जात नाही. आणि डाव्या अंगाला वाऱ्यानं तो असा काही कोरला आहे, शेकडो भोकांची घरं पाडून, की मी मागं सरलो. रिकामं मोहोळ. पोळं काढून नेलं की कडा दिसतो तसा.

तिथं एक बाई कुत्र्याला घेऊन बसली होती. पॅट तिचं नाव. सत्तरीची, उंच, वाळल्या शेंगेसारखी, गुडघ्याला पट्टा. पन्नास वर्षं याच दगडांवर चढली, आता गुडघ्यानं साथ सोडली म्हणून रोज कुत्रा घेऊन येते आणि लोकांना बघते. तिनं चढायची वाट दाखवली. दीड पुरुषावर दगडाचा एक पातळ पापुद्रा बाहेर आलेला, तळहाताएवढा. तिथले लोक त्याला कान म्हणतात. कान धरायचा, अंग वर ओढायचं, पुढं सोपं.

त्या दिवशी सुळक्यावर आधीच दोन जोड्या होत्या. उद्या पहाटे येऊ म्हणून परत फिरलो. मी नारळ पायथ्याला फोडणार होतो, सई आडवी आली. ‘आजोबा, इथं काही टाकायचं नाही. रूल आहे.’ मग तो तंबूजवळ चाकाखालच्या दगडावर फोडला आणि रात्रीच्या भाकरीबरोबर चटणी केली. देवाला वास पोचला असेल, झुडपं होतीच.

दुपारपासून पाऊस लागला तो रात्रभर.

रविवार

सकाळी लख्ख ऊन. नऊ वाजता सुळक्याला हात लावला, कोरडा. मी चपला काढल्या. पॅटबाई तिथं होतीच. ती उठून उभी राहिली आणि सईशी बोलू लागली. सईनं दोर पाठीवरून उतरवलाच नाही.

‘आजोबा, आज नाही. दोन दिवस थांबायचं.’

‘का? कोरडा आहे.’

‘बाहेरून कोरडी आहे. आतमध्ये पाणी आहे. वाळू आहे ना ती. ओली असली की होल्ड तुटते. आणि एकदा तुटली की परत येत नाही.’

‘आमच्याकडं ऊन पडलं की घटकाभरात कातळ तव्यासारखा होतो.’

‘तुमचा दगड वेगळा. लाव्हा आहे तो. हा नदीची वाळू होता.’

‘दगड तो दगड.’

‘माझ्या भिंतीवरचे टॉवर्स आहेत ना, तिकडं पण हेच. पाऊस पडला की कोणी हात लावत नाही. वाळवंटात सुद्धा.’

मी पॅटबाईकडं बघितलं. ती माझ्या पायांकडं बघत होती. मला वाटलं, दगड वगैरे काही नाही, म्हाताऱ्याला नाही म्हणायची ही सभ्य रीत आहे. मंगळवारी दुपारी निघायचं होतं. पाऊस पुन्हा आला असता तर संपलं. मी चपला घातल्या आणि तंबूकडं चालू लागलो.

दुपारी सई भांडी घासून फोनला रेंज शोधायला रस्त्यापर्यंत गेली. मी काठी घेतली. नुसता हात लावून यायचं, असं मी स्वतःला सांगितलं. पायथ्याला कुणी नव्हतं. दगड उन्हानं ऊबदार झालेला. चपला काढल्या, पायाचा अंगठा एका खाचेत बसवला, आणि पायाला सगळं आठवलं. खरं सांगतो, गुडघा एकदासुद्धा बोलला नाही. चाळीस वर्षं मधली कुठं गेली कळलं नाही. खालून भिवाकाकाचा आवाज यावा एवढंच राहिलं होतं. दोन हात वर, आणखी एक पाय, आणि उजव्या हातात कान आला. त्यावर भार टाकला.

आवाज पापड मोडल्यासारखा. मी घसरत खाली आलो, नडगी सोलली, बुड आपटलं. उजव्या हातात कान तसाच. मोडला तिथं आतून पिवळाधमक, ओला, बोटानं दाबलं तर वाळू सुटत होती. बाई खरं सांगत होती.

आता भिवाकाकाचा नेम सांगतो, कारण तो आता पाळणारं कुणी राहिलेलं नाही. सुळक्याचा दगड हातात आला तर तो खाली भिरकावायचा नाही. उराशी धरून खाली आणायचा, पायथ्याला ठेवायचा, आणि ज्याच्या हातून मोडला त्यानं एक पावसाळा त्या सुळक्याला पाय लावायचा नाही. दगडाची जखम पावसानं धुवायची असते. एका साली काकाच्याच हाताला विटेएवढा तुकडा आला. त्या साली मोहोळं उतू चालली होती. शेजारच्या गावची माणसं आमच्या देखत ती काढून घेऊन गेली आणि काका ओट्यावर बसून बघत राहिला. मी म्हणालो होतो, ‘काका, कुणी बघितलंय?’ त्यानं माझ्याकडं असं बघितलं की पुन्हा विचारलं नाही.

समोर नेच्याचं रान कमरेएवढं माजलेलं. तुकडा त्यात फेकला असता तर सापडला नसता. वाऱ्यानं पडला असं झालं असतं. हे माझ्या मनात आलं नाही असं मी म्हणणार नाही. मी तिथं बसून राहिलो. आधी कुत्रा आला, मग पॅटबाई आली, आणि थोड्या वेळानं मला शोधत सई.

‘मी मोडला,’ मी म्हणालो. ‘सांग तिला. मी एकटा आलो आणि मोडला.’

सईनं सांगितलं. तिचा चेहरा मला बघवेना. पॅटबाईनं तुकडा हातात घेतला, उलटा केला, वरच्या पिवळ्या खुणेकडं बघितलं. मग बोलली.

‘काय म्हणते?’

‘म्हणते, ती एकोणीस वर्षांची होती तेव्हापासून तो धरत होती.’

‘आणखी?’

‘आणखी काही नाही.’

बाईनं तुकडा मला परत दिला, पिशवीतून डबा काढला आणि ओट्सची एक गोड वडी माझ्या हातावर ठेवली. वडी मोठी होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवार

सई दिवसभर माझ्याशी नीट वागली, म्हणजे रागावलेली होती. मला घेऊन दक्षिणेला गेली. तिथं जुन्या रोमन लोकांची भिंत आहे, आणि भिंत ज्या कड्यावर बांधली आहे तो कडा काळा. उभ्या धारांचा, गार, गुळगुळीत. थेट आपला. मी तळहात टेकवला आणि काढलाच नाही. हजारो कोसांवर येऊन कुणी आपल्या वाड्यातलं उखळ दाखवावं तसं झालं.

‘लाव्हा,’ सई म्हणाली. ‘तुमचा वाला. यावर चढता तुम्ही? हा भिजली तरी चालते.’

‘हा कडा आहे. मी सुळका म्हणालो होतो.’

‘आजोबा, तुम्ही फार डिफिकल्ट आहात.’

‘तुझ्या आजीचं पण हेच म्हणणं होतं. तिला इंग्रजी येत नव्हतं एवढंच.’

तेव्हा हसली. मग येताना गाडी थांबवून चिप्स घेतले, त्यावर व्हिनेगर ओतलेलं. मी वरून ठेचा घातला. तिनंही घेतला.

रात्री तिला नेम सांगितला. तिनं ऐकून घेतला आणि लगेच वकिली काढली. ‘एक पावसाळा ना? आजोबा, इथं शनिवारी बारा तास पाऊस पडला. इंग्लंडमध्ये दर आठवड्याला पावसाळा असतो. झाला तुमचा.’

‘शनिवारचा पाऊस मोडण्याआधीचा. आणि पावसाळा म्हणजे पावसाळा. मृगात लागतो, दसऱ्याला हटतो.’

‘पण तुम्ही परत येणार नाही. तुम्ही बोललात.’

‘हो.’

‘मग तर कधीच नाही.’

मी दिवा मालवला. झोप दोघांनाही आली नाही, तंबूत ते कळतं.

मंगळवार

दोन दिवस वारा आणि ऊन. पॅटबाईनं सकाळी पायथ्याची माती उकरून बघितली, बोटांत चुरली आणि मान डोलावली. दगड आतून वाळला होता. पण कान नव्हता. जिथं कान होता तिथं पिवळी जखम, आणि त्या जखमेखाली आणि वर हात घालायला काही नाही. या सुळक्याची सोपी वाट मी बंद करून ठेवली होती.

सईनं दोर बांधला. दुसरं टोक माझ्या चिमट्यात. पॅटबाईनं एकदा माझे हात बघितले, मग बाजूला जाऊन बसली. मी टाचा रोवल्या. ती सवय कुठल्या परीक्षेनं जात नाही.

सई दीड पुरुष चढली आणि अडली. हात जखमेभोवती फिरत होता. एकदा प्रयत्न केला, उतरली. दुसऱ्यांदा केला, पाय थरथरायला लागले. शिलाई मशीन चालावी तसे.

‘आजोबा, काही नाहीये इथं.’

‘जखमेला हात लावू नको. डावीकडं बघ.’

‘डावीकडं नुसती होल्स आहेत.’

‘ते मोहोळ आहे. खालून तिसरं घर. तीन बोटं जातील, करंगळी बाहेर ठेव.’

‘फार खाली आहे ते.’

‘खालीच पाहिजे. मोहोळ काढताना माणूस वर ओढत नाही, खाली दाबतो. बोटं घाल आणि दाब. आता उजवा पाय कमरेएवढा वर, त्या शेंदरी पट्ट्यावर. पोट दगडाला. घाई नको. आता उठ.’

मला हे कसं दिसलं, तर परवा मी तिथं होतो. हातात कान येण्याआधी माझा डावा हात त्याच घरात गेला होता, न सांगता. मी अधाशीपणानं कानाला हात घातला म्हणून. नाहीतर वाट तिथंच होती.

ती उठली. एक क्षण नुसती तीन बोटांवर होती. दोर मी इतका हलका ठेवला होता की तिला त्याचं वजन कळू नये, आणि इतका जवळ की पडली तर वीतभर. मग तिचा हात वरच्या खाचेत गेला आणि पॅटबाईनं सोडलेला श्वास मला ऐकू आला. पुढं ती खारीसारखी गेली.

वरून तिनं हात केला. मागं सगळं आकाश. मग दोराचं टोक सरसरत खाली आलं आणि माझ्या छातीसमोर लोंबत राहिलं.

‘आजोबा, या. मी धरलंय. दिसला ना तुम्हाला रस्ता. तुमचाच आहे तो.’

माझ्या कमरेला पट्टे बांधलेले होते, डोक्यावर हेल्मेट होतं. पाय अनवाणी होते. गार वाऱ्यात तो दोर हलत होता. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला वरून आपल्या नातीनं हाक मारावी, यापरतं काय असतं. पॅटबाई म्हणाली, ‘गो ऑन.’ एवढं इंग्रजी मला येतं. तिचा पन्नास वर्षांचा कान मी मोडला आणि तीच मला जा म्हणत होती.

मी दोर हातात घेतला. नवा, निळा, मऊ. मग तो सोडला. पट्टे सोडले. पिशवीतून कान काढला, सुळक्याच्या बुडाशी एक कोरडी कपार होती, तिथं आत सरकवून ठेवला, पिवळी बाजू दगडाकडं करून. हात जोडले.

मग दोर हळूहळू वर ओढला गेला.

पॅटबाईनं सईला खाली आल्यावर विचारलं, सईनं सगळा नेम तिला सांगितला, भिवाकाकासकट. बाई ऐकत होती. शेवटी तिनं कपारीकडं बोट करून काही म्हटलं.

‘ती म्हणते, मी रोज येते. कान कोणी नेणार नाही.’

निघताना मेंढपाळानं कुरणाचं फाटक उघडून धरलं आणि विचारलं, जमलं का. सईनं काच खाली केली. मी शब्द पकडायला बसलोच होतो. ‘ही इज अ क्लाइंबर,’ ती म्हणाली, आणि मग पुष्कळ काही, ज्यात ‘रूल’ आला आणि ‘मॉन्सून’ आला. मेंढपाळानं टोपीला हात लावला. मी पण मान लववली, जास्त नाही.

न्यूकॅसल मागं पडलं. मग ती रस्त्यावरून नजर न काढता म्हणाली, ‘मृग म्हणजे कधी?’

‘जूनमध्ये. मी पोचतो तेव्हाच.’

‘आणि दसरा ऑक्टोबर. मग पुढच्या मेमध्ये दगड ओपन आहे.’

‘आहे.’

ती आणखी काही बोलली नाही. हुशार पोरगी. दुसऱ्याच्या हट्टाला हात लावू नये हे तिला कळतं, कारण स्वतःचाही तसाच आहे.

लेस्टरला दत्तानं दार उघडताच माझी सोललेली नडगी बघितली, औषधाचा डबा आणला आणि पुसता पुसता विचारलं, ‘आबा, चढलात?’

‘नाही.’

‘बरं झालं.’

‘पुढच्या मे महिन्याचं तिकीट बघून ठेव.’

त्याचा बोळा हातातच राहिला. ‘पण तुम्ही तर बोलला होता.’

‘बोललो होतो. आता हे बोललो.’

आतून सुषमा हसल्याचा आवाज आला आणि लगेच नळ सुटल्याचा.

आता इथं आवणी होऊन गेली. म्हसोबाचा सुळका सकाळपासून ढगात आहे, दुपारी थोडा दिसतो, पुन्हा जातो. दर रविवारी सईचा फोन येतो. पहिलं विचारते, ‘आजोबा, पाऊस संपला?’

मी उठून दारापर्यंत जातो, बाहेर बघतो, मग सांगतो, ‘अजून नाही. चालू दे त्याला. नीट धुऊन निघू दे.’